धुऱ्यावरून जा, उभ्या पिकातून नको

ब्राउझरचं अपडेट आलं आणि अर्ज भरून देणाऱ्या स्क्रिप्ट बंद पडल्या, की सेवा केंद्रांमध्ये एकच वाद पेटतो. दारव्हा असो, मानोरा असो की मेहकर, बोलणं तेच. एक बाजू म्हणते, अपडेट बंद करा, जुना ब्राउझर टाका, सुरक्षा आडवी येत असेल तर तीही काढा, पण रांग पुढे सरकली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, असल्या स्क्रिप्ट वापरणं हाच मुळात अपराध, बंद पडल्या ते बरं झालं. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे: सुरक्षा हवी असेल तर काम अडणार, आणि काम हवं असेल तर सुरक्षा सोडावी लागणार. हे गृहीतकच चुकीचं आहे. ब्राउझरने हद्द आखली ते योग्य केलं. स्वतःच्या संगणकावर उघडलेलं पान स्वतःच्या सोयीने हाताळण्याचा केंद्रचालकाचा हक्कही खरा आहे. तुटलेली स्क्रिप्ट दुरुस्त होते, बहुतेक वेळा दहा-पंधरा ओळींत होते. ती दुरुस्त करताना जितकं लागतं तितकंच मागायचं, एवढी एकच अट आहे.

आधी ही स्क्रिप्ट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण अर्धा वाद त्याच गोंधळातून येतो. टॅम्परमंकी, व्हायोलंटमंकी किंवा ग्रीझमंकी हे ब्राउझरला जोडलेलं एक्स्टेंशन. त्याच्या आत जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा ठेवलेला असतो. ठरावीक पत्त्याचं पान उघडलं की तो तुकडा त्या पानावर चालतो: जिल्हा, तालुका, गाव निवडून देतो, गट नंबर योग्य खान्यात घालतो, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मांडतो, मोबाइल नंबरचे आकडे दहाच आहेत का ते पाहतो. तो अर्जाच्या सरकारी पोर्टलच्या सर्व्हरमध्ये शिरत नाही. जे केंद्रचालक बोटांनी टंकणार, तेच तो टंकतो. मात्र तो ज्या पानावर चालतो त्या पानावरचं सगळं त्याला दिसतं. आधार क्रमांक दिसतो, बँक खातं दिसतं. त्याची हद्द ठरवणं म्हणूनच गंभीर काम आहे.

शेतीच्या भाषेत हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आपल्या वावरात जायला दुसऱ्याच्या वावराला लागून जावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये त्याचं उत्तर दिलेलं आहे: तहसीलदार चौकशी करून रस्ता देऊ शकतो, आणि तो देतो सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून. शेजाऱ्याच्या उभ्या पऱ्हाटीतून बैलगाडी घालण्याचा हक्क त्या कलमात नाही. शेजारी नको म्हणतो म्हणून रस्ताच नाकारावा, असंही ते कलम म्हणत नाही. ब्राउझरमध्ये गेली वीस वर्षं हाच निवाडा हळूहळू होत आला आहे. पूर्वी स्क्रिप्ट पानाच्या मधोमध घुसायची आणि पान स्क्रिप्टच्या आत घुसायचं. आता दोघांमध्ये धुरा घातला आहे. ज्यांची वाट उभ्या पिकातून जात होती त्यांची वाट मोडली. ती धुऱ्यावरून नव्याने पाडता येते.

अपडेट थांबवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा आधी मान्य करतो. या बदलाचा भार चुकीच्या खांद्यावर पडतो. खरीप २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा एका अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. त्यात वीज, नेट, छपाई, माणूस, सगळं आलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दारात शेतकऱ्यांची रांग, पोर्टल रखडलेलं, आणि नेमकी त्याच वेळी स्क्रिप्ट मुकी झाली, तर प्रत्येक अर्जावर वाढलेली मिनिटं त्याच्या आणि रांगेतल्या माणसाच्या मजुरीतून जातात. ब्राउझर बनवणाऱ्यांच्या वेळापत्रकात पेरणी नाही, विम्याची मुदत नाही. ही तक्रार खरी आहे, आणि 'शिकून घ्या' एवढं म्हणून ती उडवून लावता येत नाही.

दुसरा मुद्दाही हलका नाही. सुरक्षेच्या नावाखाली कंपन्या स्वतःचा फायदा पाहतात, हा संशय निराधार नाही. क्रोममध्ये एक्स्टेंशनचे नियम बदलून मॅनिफेस्ट व्ही३ आलं, तेव्हा पानाकडे येणारी विनंती एक्स्टेंशनने स्वतः पाहून जागच्या जागी अडवण्याची सोय सामान्य एक्स्टेंशनकडून काढून घेतली गेली, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका जाहिरात अडवणाऱ्यांना बसला. ज्या कंपनीचं मोठं उत्पन्न जाहिरातीचं, तिनेच हा नियम करावा, यावर लोकांनी प्रश्न विचारले ते बरोबरच होतं. पण त्यावरून प्रत्येक बदल कपटाने केलेला ठरतो का? ज्या बदलांमुळे आपल्याकडच्या स्क्रिप्ट तुटतात, त्यांतले बहुतेक जाहिरातीशी संबंधितच नाहीत. ते स्क्रिप्ट आणि पान यांच्यामधल्या धुऱ्याचे आहेत, आणि तो धुरा का घालावा लागला याचा इतिहास नोंदलेला आहे.

जुलै २००५ मध्ये ग्रीझमंकीत एक भोक सापडलं. स्क्रिप्टला दिलेली खास कामं, विशेषतः दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर आणण्याचं काम, ज्या पानावर स्क्रिप्ट चालते त्या पानालाही हाती लागत होतं. म्हणजे तुम्ही उघडलेलं कुठलंही परकं पान, तुमच्याच स्क्रिप्टचा हात धरून, तुमच्या संगणकावरच्या फायली वाचू शकत होतं. ग्रीझमंकी काढून टाका, असं सांगण्याची वेळ आली. घाईने ०.३.५ ही आवृत्ती काढली गेली, तिच्यात ती खास कामंच काढून टाकली होती, आणि त्यानंतर स्क्रिप्टला पानापासून वेगळ्या कप्प्यात चालवण्याची रचना आली. इथे चूक कुणाची होती? स्क्रिप्ट लिहिणारा प्रामाणिक होता, वापरणारा प्रामाणिक होता. मधला धुरा नव्हता, एवढंच. आज ज्याला लोक 'अपडेटची कटकट' म्हणतात, तो त्या भोकावर घातलेला बांध आहे.

२०१४ मध्ये ग्रीझमंकी २.० ने आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्क्रिप्टच्या डोक्यावर '@ग्रँट' लिहून काय काय हवं ते सांगायचं, आणि काहीच सांगितलं नाही तर काहीच मिळणार नाही, असं ठरलं. त्याच सुमारास फायरफॉक्सने कप्प्यातून पानाच्या चलांवर, म्हणजे पानाने नाव देऊन साठवलेल्या किमतींवर, थेट लिहिणं अडवलं. असंख्य स्क्रिप्ट एका रात्रीत पडल्या. तेव्हाही हाच वाद झाला. मला मात्र इथे कारंजाचा बाजार आठवतो. वऱ्हाडातल्या कारंजाला १८८६ मध्ये नियमनाखाली कापसाचा बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्या काळच्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार यांच्यात काय ठरलं ते शेजारी उभ्या शेतकऱ्याला कळत नसे. उघड लिलाव हळूहळू आला तेव्हा जुन्या लोकांना तो वेळखाऊ वाटला. पण आज रुमाल परत आणा म्हणणारा कुणी आहे का? '@ग्रँट' म्हणजे तोच उघड लिलाव. स्क्रिप्टने मला काय हवं ते मोठ्याने सांगायचं, आणि वापरणाऱ्याने ते वाचून हो की नाही ठरवायचं. ज्याला ती ओळ लिहिणं जाच वाटतं, त्याने एकदा स्वतःला विचारावं की रुमालाखाली नेमकं काय ठेवायचं आहे.

आता दुरुस्तीकडे वळतो, कारण 'दुरुस्त करता येते' हे नुसतं म्हणून चालणार नाही. स्क्रिप्ट बंद पडली की पहिला प्रश्न: ती चालतच नाही, की चालून अडते? दोन्हींचा इलाज वेगळा. स्क्रिप्टच्या मुख्य भागातल्या अगदी पहिल्या ओळीला कन्सोलवर, म्हणजे ब्राउझर चुका आणि संदेश दाखवतो त्या खिडकीत, 'सुरू' एवढा शब्द छापायला लावा, पान ताजं करा, एफ१२ दाबून कन्सोल उघडा. शब्द दिसला नाही तर आतल्या कोडला हात लावू नका, दोष बाहेर आहे. क्रोममध्ये बहुतेक वेळा तो एका बटणात असतो. आवृत्ती १३८ पासून अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रत्येक एक्स्टेंशनच्या तपशिलाच्या पानावर 'अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स' अशी वेगळी कळ आली, आणि नव्याने टाकलेल्या एक्स्टेंशनसाठी ती बंदच असते. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत हेच काम एक्स्टेंशनच्या पानावरचा 'डेव्हलपर मोड' करत असे. कळ बंद असली तरी टॅम्परमंकीचं चिन्ह जागेवर दिसतं, यादीत स्क्रिप्टही दिसते, म्हणून माणूस दोन तास कोड तपासत बसतो. चाचणी गुप्त खिडकीत करत असाल तर तिथे एक्स्टेंशन मुळात चालतच नाहीत, तशी परवानगी वेगळी द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

कळ चालू असूनही 'सुरू' दिसत नसेल तर स्क्रिप्ट कोणत्या पत्त्यावर चालवायची ते सांगणारी '@मॅच'ची ओळ बघा. पोर्टल एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेलं, पत्त्यातलं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' गेलं, अर्जाचा भाग वेगळ्या उपपत्त्यावर हलवला, यातलं काहीही झालं तरी जुनी ओळ जुळत नाही. सुरुवातीला प्रोटोकॉलच्या जागी तारा (*) ठेवला तर एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही जुळतात. पण तोच तारा संपूर्ण पत्त्याच्या जागी ठेवण्याचा मोह टाळा. सालगड्याला वावराची किल्ली द्यावी, घरच्या कपाटाची कशाला? आणखी एक फसवी जागा म्हणजे चौकटीतला फॉर्म. काही पोर्टलवर अर्ज मुख्य पानात नसतो, दुसऱ्या पत्त्यावरून आणलेल्या आयफ्रेममध्ये असतो. स्क्रिप्टला तो दुसरा पत्ता '@मॅच'मध्ये वेगळा द्यावा लागतो, आणि डोक्यावर '@नोफ्रेम्स', म्हणजे चौकटीत चालू नको, असं लिहिलेलं असेल तर ते काढावं लागतं. काही नवी पोर्टलं पान न बदलताच पत्ता बदलतात. तिथे स्क्रिप्ट पहिल्या पानावर एकदाच चालते आणि अर्जाच्या पानावर पोचल्यावर गप्प असते. पान हाताने ताजं केल्यावर चालत असेल तर रोग हाच समजा.

'सुरू' दिसलं आणि खाली तांबडी ओळ आली, तर फक्त पहिली तांबडी ओळ वाचा. बाकीच्या बहुधा तिचीच पिल्लं असतात. सर्वांत जास्त वेळा दिसणारे शब्द म्हणजे अमुक-अमुक 'इज नॉट डिफाइन्ड'. पानाचं एखादं फंक्शन (नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा) किंवा पानाचं जेक्वेरी (तयार कोडचा संच) स्क्रिप्टला सापडत नाही. याची परीक्षा सोपी आहे: तेच नाव कन्सोलमध्ये टंकून बघा. कन्सोल पानाच्या हद्दीत चालतो. तिथे फंक्शन सापडतं आणि स्क्रिप्टमध्ये सापडत नाही, म्हणजे मधे धुरा आहे. हा धुरा अचानक कुठून उगवला? फार वेळा तो आपणच घातलेला असतो. '@ग्रँट नन' असलेली स्क्रिप्ट पानाच्या हद्दीत चालते. मग कुणीतरी गावाचं नाव साठवून ठेवायला 'जीएम_सेटव्हॅल्यू'चा ग्रँट जोडतो, आणि त्या एका ओळीने सगळी स्क्रिप्ट कप्प्यात जाते. साठवणूक चालू झाली आणि बाकी सगळं मेलं, ही तक्रार ऐकली की कारण इथेच शोधायचं. ग्रँटची ओळच लिहिली नसेल तर वेगवेगळी एक्स्टेंशनं वेगवेगळा अर्थ लावतात. ती ओळ कायम लिहावी, काही नको असेल तर 'नन' लिहावं.

यावरचा पहिला इलाज 'अनसेफविंडो', म्हणजे धुरा ओलांडून पानाच्या हद्दीत थेट हात घालण्याची सोय, हा नाही, जरी सगळे तोच सुचवतात. धुऱ्याच्या दोन बाजूंना चलं वेगळी असतात, पण पान दोघांचं एकच असतं. कागद एक, लिहिणारे दोन. म्हणून पानाचं फंक्शन बोलवण्याऐवजी पानावरचं बटण शोधा आणि त्याच्यावर क्लिक घडवा. पान स्वतःचं फंक्शन स्वतः बोलावतं. एएसपी डॉट नेटवर बांधलेल्या जुन्या सरकारी पानांवर पान सर्व्हरकडे परत पाठवणाऱ्या 'डूपोस्टबॅक' फंक्शनसाठी धडपडणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट एवढ्याने मार्गी लागतात. जेक्वेरी हवंच असेल तर पानाचं उसनं घेऊ नका, स्क्रिप्टच्या डोक्यावरच्या '@रिक्वायर'च्या ओळीने आवृत्ती ठरवून स्वतःचं आणा. उलट बाजूने, स्क्रिप्टने पानात जोडलेल्या बटणाला 'ऑनक्लिक' म्हणून फंक्शनचं नाव अक्षरांत लिहिलं असेल तर ते नाव पानाच्या हद्दीत शोधलं जातं आणि मिळत नाही. तिथे 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' वापरा. हे सगळं करूनही पानाचं एखादं फंक्शन खरोखर लागलंच, तरच 'अनसेफविंडो', आणि तेही त्या एका फंक्शनपुरतं. फायरफॉक्समध्ये तिथून पानाला वस्तू द्यायची असेल तर 'क्लोनइन्टू', आणि फंक्शन द्यायचं असेल तर 'एक्स्पोर्टफंक्शन' लागतं. नाहीतर 'परमिशन डिनाइड' ठरलेलं.

तांबड्या ओळीत 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' हे शब्द असतील तर हद्द एक्स्टेंशनने घातलेली नाही, ती पोर्टलने घातली आहे. आमच्या पानावर अमुक ठिकाणचाच कोड चालेल, असं पोर्टलने ब्राउझरला कळवलं आहे. पानात नवा स्क्रिप्टचा टॅग घुसवून काम करणारी जुनी युक्ती तिथे बंद पडते, आणि बाहेरच्या साठ्यावरून लायब्ररी ओढणारीही. ती काढा, काम कप्प्यातूनच करा. 'ट्रस्टेडएचटीएमएल' हा शब्द आला तर एचटीएमएलचा गठ्ठा एकदम पानात ओतणं अडलं आहे; घटक एकेक तयार करून जोडा. दुसऱ्या पत्त्यावरून माहिती आणणारी स्क्रिप्ट अडली, तर डोक्यावरच्या '@कनेक्ट'च्या ओळीत तो पत्ता नावाने लिहा.

तांबडी ओळ एकही नाही आणि तरी अर्ज चुकतो, ही अवस्था सगळ्यात धोक्याची आहे. खान्यात 'ऑब्जेक्ट प्रॉमिस' अशी अक्षरं उमटली, तर समजा की २०१७ च्या ग्रीझमंकी ४ पासूनची नवी पद्धत अर्धीच स्वीकारली आहे. तिथे 'जीएम'नंतरच्या अंडरस्कोरच्या जागी टिंब आलं, पण साठवलेली किंमत लगेच मिळत नाही, तिची वाट पाहावी लागते. फंक्शन 'असिंक' करून 'अवेट' लावा. खान्यात नाव दिसतं आणि पोर्टल तरी 'नाव भरा' म्हणतं, तर ते सुरक्षेचं प्रकरणच नाही. पोर्टलला बदल झाल्याची वर्दी मिळालेली नाही. किंमत घातल्यावर 'इनपुट' आणि 'चेंज' या घटना घडवाव्या लागतात. रिॲक्ट या लायब्ररीवर बांधलेल्या पानांवर ब्राउझरच्या मूळ सेटरमधून किंमत घालावी लागते. आकड्याच्या खान्यात देवनागरी आकडे ब्राउझर घेतच नाही. आणि जिल्हा-तालुका-गावाच्या यादीत दोन सेकंद थांबून गाव निवडणारी स्क्रिप्ट नागपुरात चालेल, पण जिथे नेट एका काडीवर असतं तिथे यादी यायच्या आतच ती पुढे जाईल. ठरावीक सेकंद मोजू नका, पानात बदल झाला की कळवणारा 'म्युटेशनऑब्झर्व्हर' लावून यादी आल्यावर पुढे जा. गाव कधीही यादीतल्या क्रमांकाने निवडू नका. पोर्टलने एक गाव मध्ये घातलं की खालची सगळी एकेक घर सरकतात, आणि खुर्दचा शेतकरी बुद्रुकमध्ये जातो. ही चूक कुठल्याच कन्सोलमध्ये दिसत नाही. ती दिसते विम्याचा दावा नाकारला गेल्यावर.

एवढं सगळं केल्यावरही 'मग सुरक्षाच काढून टाकली तर काय बिघडतं' हा प्रश्न येतोच, म्हणून त्याचं सरळ उत्तर. 'डिसेबल वेब सिक्युरिटी' ही आज्ञा देऊन क्रोम सुरू केला, की एका पत्त्याच्या पानाने दुसऱ्याचा मजकूर वाचू नये हा मूळ नियमच जातो. केंद्राच्या त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं खातं उघडं असतं, पॅनचा अर्ज असतो, शेतकऱ्याची माहिती असते, आणि शेजारच्या टॅबमध्ये कुणीतरी पाठवलेली लिंक असते. पोर्टलची सुरक्षा-सूचना (वरची 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी') पुसून टाकणारी एक्स्टेंशनंही तितकीच वाईट, कारण ती बहुधा सगळ्याच पत्त्यांवर पुसतात. जुना ब्राउझर ठेवणं तर आणखी मोठं कर्ज. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबला, जानेवारी २०२३ मध्ये. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक त्या यंत्रावर उघडंच आहे.

हा रस्ता आपण एकदा चालून बघितला आहे. डिजिटल सहीसाठी जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरच्या पानात चालणारे छोटे जावा प्रोग्राम, लागायची, तेव्हा जानेवारी २०१४ मधल्या जावा ७ अपडेट ५१ ने विनासहीची ॲपलेट अडवली. पुष्कळ कार्यालयांत उपाय म्हणून सुरक्षेचा दट्ट्या खाली ओढला गेला, अपवादाच्या यादीत पत्ते भरले गेले, जुनी जावा जपून ठेवली गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ ने ते प्लगइनच चालवणं बंद केलं, मग सगळे इंटरनेट एक्सप्लोररला चिकटले, आणि १५ जून २०२२ ला तोही थांबला. काय वाचवलं त्या आठ वर्षांत? जे बदलायचं ते शेवटी बदलावंच लागलं. सही करणारं छोटं सॉफ्टवेअर संगणकावर बसवायची पद्धत आली आणि कामं चालू राहिली. मधल्या काळात यंत्रं उघडी राहिली, तेवढं मात्र फुकट गेलं.

आता दुसऱ्या टोकाकडे. 'स्क्रिप्टच नको' म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही एक खरा मुद्दा आहे, आणि केंद्रचालकांना तो टोचतो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली, कुणी लिहिली ते माहीत नसलेली, एका ओळीत आवळून वाचता न येणारी केलेली स्क्रिप्ट शेकडो शेतकऱ्यांच्या आधार क्रमांकासमोर चालवणं हा बेजबाबदारपणा आहे. विश्वासातलं साधनही हात बदलू शकतं: पानांचं रूप बदलणारं 'स्टायलिश' हे लोकप्रिय एक्स्टेंशन वापरणाऱ्यांनी कोणती पानं पाहिली ते गोळा करत असल्याचं उघड झालं, आणि जुलै २०१८ मध्ये ते क्रोम आणि फायरफॉक्सच्या भांडारांतून काढलं गेलं. जी स्क्रिप्ट वाचता येत नाही ती चालवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कॅप्चा ओलांडणारी, ओटीपी पकडणारी, किंवा अर्ज स्वतःहून सादर करणारी स्क्रिप्ट सोय म्हणून खपवता येणार नाही. शेवटचं बटण माणसानेच दाबावं, तेही शेतकऱ्याला गट नंबर, पीक आणि क्षेत्र वाचून दाखवल्यावर. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक 'पुढच्या वेळी कामाला येतील' म्हणून स्क्रिप्टमध्ये साठवणंही बंद व्हावं. ते साध्या मजकुरात डिस्कवर पडून राहतात, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ माहिती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच ठेवायला सांगतो.

पण यातून 'सगळ्या स्क्रिप्ट वाईट' हे कसं निघतं? तेच गाव, तोच तालुका, तोच पिनकोड दिवसातून ऐंशी वेळा हाताने भरताना चुका होत नाहीत का? तिसऱ्या प्रहरी थकलेला हात हेक्टर-आरच्या खान्यात ३ एकराचे १.२१ लिहायच्या ऐवजी ३.०० लिहितो, तेव्हा जास्तीचं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही आणि अर्ज लटकतो. क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त भरलं तर खाना तांबडा करणारी आठ ओळींची स्क्रिप्ट शेतकऱ्याचंच रक्षण करते. ती पोर्टलनेच द्यायला हवी होती हे खरं, पण दिली नाही तोवर ती लिहिणाऱ्याला अपराधी ठरवणं न्यायाचं नाही.

पोर्टल बांधणाऱ्यांची जबाबदारी इथे सुरू होते. एवढ्या केंद्रांवर एकाच पोर्टलसाठी लोकांना स्वतःच्या स्क्रिप्ट लिहाव्या लागतात, यातून पोर्टलमध्ये काय कमी आहे ते स्पष्ट दिसतं. अर्धा भरलेला अर्ज जतन व्हावा, सत्र संपलं म्हणून पुसला जाऊ नये. केंद्रचालकाचं नेहमीचं गाव लक्षात राहावं. खान्यांची अंतर्गत नावं दर अपडेटला बदलू नयेत. स्थिर नावं असली तर ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांची वाचन-साधनंही नीट चालतात. पानाच्या रचनेत किंवा सुरक्षा-धोरणात मोठा बदल करायचा तर तो खरिपाची आणि रब्बीची मुदत सोडून करावा, आणि पंधरा दिवस आधी चाचणीचं पान खुलं ठेवावं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मागण्याचा हक्क दिला. ती सेवा ज्याच्या टेबलावरून जाते, त्याला चालतं साधन देणं हा त्याच हक्काचा भाग मानला पाहिजे.

आणि केंद्रांनी करायचं काम मे महिन्यात करायचं, जुलैत नाही. वापरातली प्रत्येक स्क्रिप्ट उघडावी, तिची एक प्रत साध्या फाइलमध्ये बाजूला ठेवावी. डोक्यावरच्या '@मॅच' आणि '@ग्रँट'च्या ओळी वाचाव्यात. ज्याचा खालच्या कोडमध्ये उपयोगच नाही असा ग्रँट एकेक करून काढावा, आणि प्रत्येक वेळी काढल्यावर एक कोरा अर्ज सादर न करता भरून पाहावा. दोन बदल एकदम केले तर कशाने मोडलं ते कळत नाही. शेवटचा ग्रँट निघाला तर त्या जागी 'नन' लिहायचं, आणि त्या वेळी स्क्रिप्ट पानाच्या हद्दीत जाते हे लक्षात ठेवून तीच चाचणी पुन्हा करायची. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीखाली कोणत्या अर्जासाठी, कोणत्या ब्राउझरच्या कितव्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेला तपासली ते लिहून ठेवावं. मग जुलैत काही अडलंच, तर त्या तारखेनंतर काय बदललं एवढंच शोधायचं राहतं.